राखीव जागेवरचा पत्रा

मी एक जुना फलक आहे. गावातले लोक मला बोर्ड म्हणतात, पालिकेच्या दप्तरी माझी नोंद 'फलक, लोखंडी, एक नग' अशी आहे, आणि भाजीवाल्या बाया मला बोर्डोबा म्हणत. इतकी नावं असूनही, मित्रांनो, सध्या मी पालिकेच्या गोदामात भिंतीकडं तोंड करून उभा आहे. लवकरच भंगाराचा लिलाव निघणार आहे. त्यामुळे जीव थाऱ्यावर नाही. सांगताना घाई झाली तर रागावू नका.

आमचं गाव नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावाचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की त्या गावचे लोक रागावतात. नाही घेतलं की रस्त्यावरची सगळी गावं हसतात, कारण प्रत्येकाला वाटतं, हे शेजारच्याबद्दल चाललंय.

माझा जन्म सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये झाला. ज्या पत्र्यातून मला कापलं, त्याच पत्र्याच्या दुसऱ्या तुकड्याचं धान्याच्या कोठीचं झाकण झालं. त्याचा मला पुढं फार हेवा वाटला. झाकणाला एकच काम असतं, आणि ते झालं की नाही हे लगेच कळतं. मला मात्र पेंटरनं पिवळा रंग दिला आणि वर काळ्या अक्षरांत लिहिलं, 'हा भूखंड नगरपालिकेच्या भाजी मंडईसाठी आरक्षित आहे. येथे अतिक्रमण केल्यास कारवाई करण्यात येईल. हुकुमावरून.'

साल होतं एकोणीसशे त्र्याण्णव. गावाचा विकास आराखडा नुकताच मंजूर झाला होता. आराखडा म्हणजे गावाचा मोठा नकाशा. शाळा कुठं, दवाखाना कुठं, मंडई कुठं, हे त्यावर रंगवून ठरवतात. माझ्या जागेला मंडईचा रंग मिळाला. नारळ फुटला, पेढे वाटले, टाळ्या झाल्या. मंडळी जीपमध्ये बसून गेली, आणि मी रस्त्याकडेला दोन पायांवर उभा राहिलो. वाटलं, आता गवंडी येतील. आल्या त्या शेळ्या.

बरं, ज्या जमिनीत माझे पाय पुरले होते ती पालिकेची नव्हतीच. ती होती निवृत्तीभाऊंची. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या जमिनीवर पालिका बोर्ड कशी लावते? लावते. आरक्षण पडलं की मालकाला तिथं घर बांधता येत नाही, दुकान काढता येत नाही. पालिकेनं मोबदला देऊन जागा ताब्यात घ्यायची आणि मंडई बांधायची, अशी रीत आहे. आमच्या पालिकेनं त्या रीतीतला बोर्ड लावण्याचा भाग मन लावून पूर्ण केला. पुढचा भाग पुढच्या लोकांसाठी ठेवला.

निवृत्तीभाऊ दर रविवारी यायचे. पांढरी टोपी, पायात जाड वहाणा. आधी पालिकेला शिव्या द्यायचे. पालिका लांब असल्यानं मग मला एक लाथ मारायचे. माझा डावा पाय वाकला तो असा. मी त्यांना दोष देत नाही. माणसाला स्वतःच्या जमिनीत दुसऱ्याचं वाक्य उभं दिसत असेल तर तो दुसरं काय करणार?

माझ्या आयुष्यात काही अर्थ आला तो चिमणाबाईमुळं. ती मला अरेतुरे करायची, म्हणून मीही तिला करतो. ती हरसूलकडची. पहाटेच्या एसटीनं भाजीच्या पाट्या घेऊन नाशिकला जायची, तिथल्या बाजारात जागेवरून भांडायची आणि संध्याकाळी परत. एकदा तिची एसटी नेमकी माझ्यासमोर बंद पडली. दुरुस्ती होईपर्यंत ऊन चढलं. ती माझ्या सावलीत येऊन बसली, पाटी उघडली, आणि त्र्यंबकला निघालेल्या एका गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं, "मावशी, कारली कशी?"

दुसऱ्या दिवशी ती नाशिकला गेलीच नाही.

तिच्यामागून आणखी बाया आल्या. कुणी वाल आणला, कुणी दोडके, पावसाळ्यात डोंगरातल्या रानभाज्या. दोन-तीन वर्षांत रोज सकाळी तिथं बाजार भरू लागला. त्या बायांनी एक चाल पाडली. भवानी झाली, म्हणजे दिवसाची पहिली विक्री झाली, की ते नाणं आधी माझ्या पायाला लावायचं आणि मग कमरेच्या पिशवीत टाकायचं. दसऱ्याला झेंडूची माळ, कुंकवाची पाच बोटं. मी बोर्डोबा झालो तो असा. खरं सांगायचं तर मला संकोच वाटे. देवाला निदान काहीतरी करता येतं, असा लोकांचा समज असतो. मला साधं हलताही येत नव्हतं. वारा आला की नुसता खडखड वाजायचो.

आणि गंमत पाहा. मंडईसाठी राखून ठेवलेल्या जागेवर मंडई भरली, म्हणून पालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी येऊ लागली. गाडी दिसली की बाया पाट्या उचलून पळायच्या. गाडीतला माणूस खाली उतरून माझ्यावरची दुसरी ओळ मोठ्यानं वाचून दाखवायचा. पहिली ओळ तो कधी वाचत नसे.

निवृत्तीभाऊंचं आणि चिमणाबाईचं मात्र रोजचं चाले.

"काय गं चिमणे, माझ्या जमिनीत बसून मलाच मेथी विकती?"

"तुमची कशी वो? या बोर्डावर काय लिवलंय ते वाचा की."

"तुला तरी वाचता येतं का?"

"मला नाय येत. तुमाला येतं, म्हणून तर तुमी एवढं चिडता."

यावर भाऊ लाथेचा पाय उचलायचे, बाया "आं आं!" करून ओरडायच्या, आणि भाऊ पाय खाली ठेवून मेथी घेऊन जायचे. पैसे देत. जमिनीचं भाडं मात्र त्यांनी कधी मागितलं नाही. भाडं मागितलं तर बाजार कायमचा झाला असता, आणि हाकलून दिलं तर मेथी कुठून आणणार? माणसं एका हातानं भांडतात आणि दुसऱ्या हातानं व्यवहार करतात, हे मी तिथं उभा राहून शिकलो.

कुंभमेळ्याच्या वर्षी, म्हणजे दोन हजार तीनमध्ये, त्र्यंबकचा रस्ता रुंद झाला. झाडं गेली, डांबर आलं आणि गाड्या वाढल्या. रस्त्याकडेच्या जमिनीकडं लोक पाहुण्याच्या मुलीकडं पाहावं तसं पाहू लागले. आणखी दोन वर्षांनी एक पांढरी गाडी माझ्यापुढं थांबली. त्यातून ललित नावाचा तरुण उतरला. भर उन्हात गळ्यात टाय. एका मोठ्या दुकानाच्या कंपनीचा तो माणूस. मोठं म्हणजे एकाच छपराखाली साबण, साड्या, पंखे, तांदूळ आणि भाजी. असं दुकान त्याला माझ्या जागेवर हवं होतं.

ललित वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. तो चिमणाबाईसमोर उकिडवा बसून नीट बोलला.

"मावशी, आमच्याकडं थंड कपाटं असणार. भाजी आठ-आठ दिवस ताजी राहील."

"आठ दिवस कशाला ठिवायची? खपत नाय का तुमची?"

बाया हसल्या. ललितही हसला. पण त्याच्याबरोबरचा माणूस तोवर टेप धरून जागा मोजत होता, आणि टेपचं टोक त्यानं माझ्याच पायाला अडकवलं होतं.

जागेवर दुकान बांधायचं तर मंडईचं आरक्षण उठवून ती जागा व्यापारी वापरात घ्यावी लागणार. तसा ठराव पालिकेच्या सर्वसाधारण सभेत व्हायला हवा, आणि मग तो सरकारकडं जातो. निवृत्तीभाऊंनी अर्ज केला, 'बारा वर्षं झाली. जागा घ्या, नाहीतर सोडा.' यात चूक काय होतं? मला तरी दिसलं नाही. ललितच्या कंपनीनं त्यांच्याशी बोलणी पक्की केली होती. दोन मुलांची दोन घरं व्हायची होती त्यातून. फक्त कंपनीची एक अट होती. जागा मोकळी असली पाहिजे. तिच्यावर कुणी बसत असता कामा नये.

चिमणाबाईनं ही अट ऐकली, आणि त्या दिवसापासून ती गिऱ्हाइकाला सुटे पैसे देताना चुकू लागली. तिच्या मागं काय होतं? डोंगरात भाताचा तुकडा, तो चार महिने खायला घालतो. बाकीचं वर्ष तिच्या गावातली निम्मी माणसं द्राक्षाच्या बागांत मजुरीला जातात, मुलं शाळेतून काढून बरोबर नेतात. चिमणाबाईचं घर त्यातून सुटलं होतं ते माझ्यासमोरच्या त्या दोन हात जागेवर. ती जागा गेली की पुन्हा बिऱ्हाड डोक्यावर.

"आता कसं करायचं गं?" बाया विचारायच्या.

"शेखरभाऊला इचारू."

शेखरभाऊ आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. पांढरे बूट, दोन मोबाइल. एका मोबाइलवर ते भाजीवाल्यांशी बोलत आणि दुसऱ्यावर कुणाशी बोलत, ते बाजूला जाऊन बोलत असल्यानं मला ऐकू येत नसे. ते आले, बायांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी तुमच्या बाजूनं सभेत बोलणार. पण नुसतं बोलून भागत नाही. पुरावा पाहिजे."

"पुरावा म्हंजे काय वो?"

"म्हणजे ही जागा मंडईची आहे, असं पालिकेनंच मान्य केल्याचं काहीतरी घेऊन या. आणि सगळ्याजणी या. गॅलरी भरली पाहिजे."

चिमणाबाईनं वर माझ्याकडं पाहिलं.

"ह्यो काय पुरावा," ती म्हणाली. "पालिकेनंच लिवलाय, पालिकेनंच रोवलाय. ह्यालाच नेऊ."

"अगं, बोर्ड कसा नेणार?"

"देव नाय का पालखीत नेत?"

सभेच्या दिवशी सकाळी बाजार भरला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कुदळीनं माझे पाय मोकळे केले, मला हळदकुंकू लावलं, टेम्पोत आडवा घातला, आणि सगळ्या बाया माझ्याभोवती बसल्या. मला लाज वाटत होती आणि, खोटं का बोलू, थोडा अभिमानही वाटत होता. बारा वर्षं एका जागी उभं राहिलेल्याला टेम्पोचा वारा काही वेगळाच लागतो. वाटभर मी खडखडत होतो. बायांना वाटलं, बोर्डोबा खूश आहे. मी घाबरलो होतो.

पालिकेच्या दारात शिपायानं अडवलं.

"बोर्ड आत नेता येणार नाही."

"का? तुमच्याच घरचा हाय. स्वतःच्या माणसाला घरात घेत नाय व्हय?"

शिपाई विचारात पडला, तेवढ्यात मी आत होतो. गॅलरीच्या कठड्याला मला टेकवून ठेवलं. खाली सभागृह दिसत होतं. अर्धगोलात खुर्च्या, वर पंखे, आणि समोर उंच खुर्चीवर नगराध्यक्षा मंगलाबाई. त्यांच्या मागच्या खुर्चीवर त्यांचे यजमान. यजमान नगरसेवक नव्हते, कर्मचारीही नव्हते. पण पालिकेत त्यांचीच वट होती. मंगलाबाई काही बोलणार असल्या की ते आधी खोकत.

गॅलरीत माझ्या दुसऱ्या बाजूला निवृत्तीभाऊ धुतलेली टोपी घालून बसले होते. त्यांच्या शेजारी ललित.

चर्चा सुरू झाली. मी अनेक वर्षं रस्त्याकडेला काढली आहेत, पण इतकी रहदारी एका खोलीत पाहिली नव्हती. एक जण म्हणाले, दुकान आलं की गावातल्या पोरांना नोकऱ्या मिळतील. दुसरे म्हणाले, आणि गावातल्या किराणा दुकानदारांनी काय टाळ वाजवायचे? तिसरे उठले आणि त्यांच्या गल्लीतल्या नळाला पाणी येत नसल्याचं बोलू लागले. विषय कुठलाही असो, ते तेच बोलतात, असं मला नंतर कळलं. कुणी म्हणालं, प्रगती आली पाहिजे. लगेच कुणीतरी विचारलं, कुणाच्या दारात? हशा झाला. कुणाचं काय जमेला आणि काय खर्ची, ते मी वरून बघत होतो. जो जितका मोठ्यानं बोलत होता त्याचा तितकाच त्या जागेशी कमी संबंध होता.

मग शेखरभाऊ उठले. खरोखर चांगलं बोलले. "ही मंडई पालिकेनं स्वतः मंजूर केलेली आहे. तिथं रोज बाजार भरतो. आणि हा बघा पुरावा!" त्यांनी हात वर केला. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी मी दसऱ्याच्या झेंडूपेक्षा पिवळा दिसलो असेन.

तेव्हा मुख्याधिकारी शांतपणे उठले. हातातल्या कागदावरून वाचू लागले.

"सदर जागेची पाहणी आज सकाळीच समितीनं केली आहे. जागा पूर्णपणे मोकळी आढळली. तिथं बाजार नाही, विक्रेते नाहीत, आरक्षणाचा फलकही नाही."

आजच सकाळी! पाहणीचा दिवस कुणी ठरवला, तो योगायोग होता की त्याला बोलावून आणलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. शेखरभाऊ खाली बसले आणि पांढऱ्या बुटांकडं पाहू लागले. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, तेही मी सांगू शकत नाही. एवढं खरं, की त्या जागेवर आम्ही आहोत हे दाखवायला आम्ही सगळे ती जागा सोडून आलो होतो, आणि येताना एकुलता एक बोर्डही उपटून आणला होता.

मग चिमणाबाई कठड्याला धरून उभी राहिली.

"अवो सायेब! आमी सगळ्या हितं, बोर्ड हितं, मंग तिथं काय दिसनार? आमची भुतं?"

खाली हशा पिकला. मुख्याधिकारी म्हणाले, "गॅलरीतून बोलता येणार नाही. आणि पालिकेचा फलक उपटला कोणी? हा गुन्हा आहे." मार्शल बायांकडं निघाला. एक सदस्य ओरडले, "जागा मोकळी आहे म्हटल्यावर चर्चा कशाला? टाका मताला!" आणखी चार जणांनी बाकं वाजवली. हात वर होऊ लागले. चिमणाबाईनं कठडा सोडून माझी कड घट्ट धरली.

मंगलाबाईंनी घंटी वाजवली.

"जागेचे मालक आलेत का?"

मागून खोकला आला. त्यांनी मागं पाहिलं नाही. "मालक आलेत का, विचारते मी."

निवृत्तीभाऊ उठले. ललितनं त्यांच्या बाहीला हात लावला. मी जवळच होतो, म्हणून मला ऐकू आलं. तो म्हणाला, "काका, फक्त एक शब्द. मोकळी. बास."

"निवृत्तीभाऊ," मंगलाबाई म्हणाल्या, "तुमच्या जागेवर बाजार बसतो का?"

भाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. आधी त्यांनी खाली सभेकडं पाहिलं, मग चिमणाबाईकडं. ती त्यांच्याकडं पाहत नव्हती; जमिनीकडं पाहत होती. माझ्याकडं मात्र त्यांनी चांगलं रोखून पाहिलं. मला वाटलं, आता लाथ येणार.

"बसतो," ते म्हणाले.

"काका!" ललित पुटपुटला.

"अरे, बसतो त्याला काय करू? रोज बसतो. मला नको होता तवाबी बसायचा. ही बाई तर पयल्यापासून बसती. आज समद्या हितं आल्यात म्हणून जागा मोकळी दिसली. माझं घर मी बाहेर पडलो की मोकळंच दिसतं, म्हणून काय मी मेलो व्हय?"

एवढं बोलून भाऊ मंगलाबाईंकडं वळले.

"पण बाई, आता माझंबी ऐका. मंडई तुमची, जमीन माझी, असं किती वर्सं चालायचं? हिला म्हणता, तू अतिक्रमण. मला म्हणता, तू बांधू नको. तुमी स्वतः काय करता? घ्या, नायतर सोडा. पण हितं कुणी बसत नाय असं माझ्याकडून वदवू नका. माझी मेथी कुठून येती मंग?"

भाऊ बसले. टोपी काढून तिच्यानं घाम पुसू लागले. आमच्या सभागृहात अशी शांतता चहा आल्यावरच पडते, असं शिपाई नंतर सांगत होता.

मागून पुन्हा खोकला आला, जरा मोठा. मंगलाबाई म्हणाल्या, "खोकला असेल तर बाहेर बसा. पाणी देतील." आणि मग सभेला म्हणाल्या, "विषय तहकूब. पाहणी पुन्हा होईल. तिला मी स्वतः जाईन, बाजाराच्या वेळेला."

बायांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, तर मार्शलनं मला उचललं. पालिकेची मालमत्ता म्हणून मी जप्त झालो. ज्या पालिकेनं मला लावलं, तिनंच मला अटक केली. गोदामात आलो तेव्हा जप्त केलेल्या हातगाड्यांनी विचारलं, "तू कशात?" मी म्हणालो, "पुराव्यात." त्या हसल्या. गोदामात पुरावे पुष्कळ असतात.

पुढचं सगळं मला या हातगाड्यांकडूनच कळलं. त्या येतात, दंड भरून सुटतात आणि पुन्हा पकडून येताना नव्या बातम्या आणतात. दुसरी पाहणी झाली तेव्हा मंगलाबाई सकाळी येऊन उभ्या राहिल्या, आणि चिमणाबाईनं त्यांनाही वाल विकला. मग घासाघीस सुरू झाली. ललित म्हणाला, भाजीवाल्यांना दुकानाच्या मागं जागा देऊ. चिमणाबाई म्हणाली, "मागून चोर येत्यात, गिऱ्हाईक नाय." शेवटी ठराव झाला तो असा, की रस्त्याच्या बाजूची एक पट्टी मंडईसाठी पालिकेनं घ्यायची, तिथं ओटे बांधायचे, आणि मागच्या जागेचं आरक्षण उठवायचं. सरकारची मंजुरी यायला, ओटे व्हायला आणखी वर्षं गेली. तेवढ्या काळात बाया रस्त्याकडेला बसल्या आणि गाडी आली की पळाल्या. एका बाईनं धंदा सोडला, ती बागांच्या मजुरीला गेली. ती परत आली नाही.

दुकान झालं. म्हणतात की आत फार गार वाटतं. निवृत्तीभाऊंना ठरल्यापेक्षा कमी मिळालं, कारण जागा कमी झाली होती. दोन घरांऐवजी एकच झालं, आणि धाकटी सून अजून त्या एका शब्दावरून टोमणे मारते, 'मामंजी, मोकळी म्हटलं असतं तर?' भाऊ म्हणे उठून बाजारात जातात. खरं बोलण्याचा तोटा झाला नाही असं सांगणारे लोक बहुधा दुसऱ्याच्या खर्चानं बोलत असतात.

आणि परवा चिमणाबाई स्वतः आली.

गोदामाचा भांडारपाल भला माणूस. लिलावाच्या आधी त्यानं निरोप धाडला होता, की तुमचा बोर्डोबा पडून आहे, ओट्यावर लावायचा असेल तर अर्ज करा. मी पावलं ओळखली. तिनं मला भिंतीपासून फिरवलं, पदरानं तोंड पुसलं. केस पांढरे झाले होते. माझाही पिवळा रंग कुठं राहिला होता? मी मनात म्हटलं, चला, निघालो. अस्वस्थ होतो, पण बऱ्याच दिवसांनी चांगल्या तऱ्हेनं.

"काय लिवलंय रं यावर?" तिनं भांडारपालाला विचारलं. इतकी वर्षं माझ्याखाली बसली, पण कधी पूर्ण वाचून घेतलं नव्हतं.

त्यानं वाचून दाखवलं. "हा भूखंड भाजी मंडईसाठी आरक्षित आहे."

"आरक्षित म्हंजे?"

"म्हणजे राखून ठेवलाय. पुढं मंडई होणार आहे."

तिनं माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग बोटाच्या पेरानं माझ्यावर टिचकी मारून म्हणाली, "मंग नको न्यायला. मंडई झाली की रं. आता ह्यो लावला तर लोकांना वाटंल, अजून व्हायचीच हाय."

"मग भंगारात जाईल हा."

"जाऊ दे. लय उभा राहिला बिचारा." आणि जाता जाता वळून मला म्हणाली, "जाते रं. भाजी सुकंल माझी."

मित्रांनो, आधी मला फार वाईट वाटलं. मग सावकाश लक्षात आलं की इतक्या वर्षांत माझं कौतुक अनेकांनी केलं, हळदकुंकू लावलं, पाया पडले. पण माझं काम झालं, असं मला तिनंच पहिल्यांदा सांगितलं.

म्हणून जाण्यापूर्वी एवढंच मागतो. तुमच्याही गावात माझे भाऊबंद उभे असतील. 'नियोजित बाग', 'नियोजित वाचनालय', 'दवाखान्यासाठी राखीव'. त्यांना दगड मारू नका, त्यांच्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवू नका. पण त्यांची काळजी घेणं म्हणजे रंग देणं नव्हे. फलक नीट वाचा, पहिल्या ओळीपासून. मग ज्यांनी तो लावला त्यांच्याकडं जा आणि विचारा, हे कधी करता? उत्तर नाही मिळालं तर पुन्हा जा. तुम्ही नाही गेलात, तर फलक उभाच राहील आणि कुणीतरी आयुष्यभर त्याच्यापुढं पाटी मांडून, एक डोळा गाडीवर ठेवून बसेल. फलकाला गंजायला वेळ देऊ नका. त्याआधीच कुणाला तरी म्हणता येऊ दे, हा काढा आता, याचं काम झालं.